तिकिटावरचे संत

टपालाचें तिकीट ही आकारानें अगदीं लहान वस्तु आहे. पण तिच्याइतकी बोलकी सरकारी वस्तु दुसरी क्वचितच सांपडेल. नाणें हातोहात फिरून झिजतें, फर्मान दफ्तरांत पडून राहतें. तिकीट मात्र पत्राबरोबर घरोघर जातें, आणि ज्या राज्यानें तें काढलें त्या राज्याला स्वतःविषयीं जें सांगावयाचें असेल तें मुकाट्यानें सांगून येतें. त्यावर कोणाचें चित्र असावें हें तिकीट चिकटविणारा ठरवीत नाहीं. तें राज्य ठरवितें.

जुन्या औंध संस्थानांतील कुंडल गांवानें ही गोष्ट जवळून पाहिली आहे. १९४३ पासून १९४६ पर्यंत सातारा जिल्ह्यांत क्रांतिसिंह नाना पाटील यांचें प्रतिसरकार चाललें होतें, आणि कुंडल हें त्याचें एक प्रमुख ठाणें होतें. गांवोगांवचे तंटे न्यायदान मंडळें तोडीत आणि इंग्रजी कचेरीकडे लोकांनीं पाठ फिरविली होती. तरीहि त्या दिवसांत गांवांत येणाऱ्या पत्रांवर मुद्रा असे ती सहाव्या जॉर्ज बादशहाचीच. माणसांच्या मनांतून उतरलेलें राज्य तिकिटावर मात्र कायम होतें.

बादशहाच्या मस्तकाचा अर्थ लावण्यास कोणाला श्रम पडत नसत. परंतु त्या मस्तकाच्या जागीं एखाद्या साधुपुरुषाचें चित्र आलें म्हणजे प्रश्न नाजूक होतो. साधु हा सर्वांचा. मग त्याला आपल्या तिकिटावर बसविणारें राज्य त्याच्या नांवानें काय सांगूं पाहतें? या प्रश्नाचा विचार करण्यास महाराष्ट्राच्या शेजारचा गोमंतक फार सोयीचा आहे. कारण तेथील एकाच ख्रिस्ती संताची स्मृति पोर्तुगीज राज्यानेंहि तिकिटावर छापली आणि स्वतंत्र भारतानेंहि छापली.

१९४६ सालीं पोर्तुगीज हिंदच्या टपालखात्यानें आठ चित्रांची एक तिकीटमाला काढली. सर्वांत कमी किंमतीच्या तिकिटावर सेंट फ्रान्सिस झेवियर होते. पुढच्या तिकिटांवर महाकवि कामोंइश, वनस्पतिशास्त्रज्ञ वैद्य गार्सिया द ऑर्ता, धर्मोपदेशक जुआंव द ब्रिटो आणि जुन्या गोव्यांतील विजरईची कमान अशीं चित्रें होतीं. आणि त्यानंतर अफोंसो द आल्बुकेर्क, वास्को द गामा व पहिला विजरई फ्रान्सिस्को द आल्मेदा हे राज्यकर्ते व दर्यावर्दी आले होते. साधु, कवि, वैद्य आणि जेते अशी ही एकच रांग. ती पाहणाऱ्याला असें वाटावें कीं, क्रूस, काव्य आणि तलवार हीं तिन्ही एकाच जहाजांतून उतरलीं व एकमेकांच्या हातांत हात घालून गोव्यांत नांदलीं.

इतिहास या रांगेकडे पाहून गप्प बसत नाहीं. तिच्यांतील गार्सिया द ऑर्ता १५६८ सालीं गोव्यांत वारला. तो गुप्तपणें यहुदी धर्म पाळीत होता असा ठपका त्याच्या मृत्यूनंतर गोव्याच्या इन्क्विझिशननें, म्हणजे धर्मन्यायालयानें, त्याच्यावर ठेविला आणि १५८० सालीं त्याचीं हाडें उकरून जाळलीं. हें न्यायालय हिंदुस्थानांत आणावें अशी विनंति पोर्तुगालच्या राजाला ज्यांनीं १५४६ सालीं पत्रानें केली, ते झेवियर त्याच तिकीटमालेंत विराजमान होते. तिकिटावर दोघे शेजारी आहेत. इतिहासांत त्यांच्यामध्यें एक चिता आहे. आणि ज्या वर्षीं ही माला निघाली त्याच वर्षीं, १८ जून १९४६ रोजीं, डॉ. राममनोहर लोहिया यांनीं मडगांवांत बंदी मोडून सभा घेतली व गोव्याच्या मुक्तीच्या लढ्यास नवें तोंड फुटलें.

तेव्हां प्रथम पाहावयाचें तें हें कीं, हे झेवियर मूळचे कोण. नवार प्रांतांतील झेवियरच्या गढींत ७ एप्रिल १५०६ रोजीं त्यांचा जन्म झाला. पॅरिसच्या विद्यापीठांत शिकत असतां इग्नेशियस लॉयोला यांच्याशीं त्यांची गांठ पडली आणि १५३४ सालीं मोंमार्त्रच्या टेकडीवर त्या मित्रमंडळीनें जें व्रत घेतलें त्यांतूनच पुढें जेझुइट संघ निघाला. ६ मे १५४२ रोजीं झेवियर गोव्यास आले. तेथील इस्पितळांत त्यांनीं रोग्यांची शुश्रूषा केली, हातांत घंटा घेऊन ते रस्त्यानें हिंडत व मुलांना धर्मपाठासाठीं गोळा करीत. पुढें दक्षिणेकडील मोतीं काढणाऱ्या कोळ्यांच्या किनाऱ्यावर, मलाक्का व मोलुक्का बेटांत आणि १५४९ पासून जपानांत त्यांनीं धर्मप्रचार केला. चीन देशांत शिरण्याची वाट पाहत असतां, त्याच्या किनाऱ्यासमोरील शांगच्वान बेटावर ३ डिसेंबर १५५२ रोजीं त्यांचें देहावसान झालें. हिंदुस्थानांत पाय ठेवल्यापासून मृत्यूपर्यंत अवघीं साडेदहा वर्षें. आणि एवढ्या काळांत एवढा प्रवास!

त्यांचीं पुष्कळ पत्रें शिल्लक आहेत, आणि त्यांतून एक तापट, कळवळ्याचा, कष्टाळू व आपल्या मताविषयीं जराहि शंका नसलेला पुरुष दिसतो. पोर्तुगीज अंमलदारांच्या लोभावर त्यांनीं राजाकडे कडक शब्दांत तक्रारी केल्या. आणि त्याच राजाला धर्मन्यायालयाविषयीं लिहिणारेहि तेच. हीं दोन्ही पत्रें एकाच हाताचीं आहेत. भक्तानें एक लपवावें किंवा टीकाकारानें दुसरें लपवावें, तर तो पुरुष अर्धाच दिसेल. न्यायालय प्रत्यक्ष स्थापन झालें तें त्यांच्या मृत्यूनंतर, १५६० सालीं. मध्यें कांहीं वर्षांचा खंड पडून तें १८१२ पर्यंत चाललें, आणि त्याचा जाच गोमंतकांतील अनेक घराण्यांना सोसावा लागला.

आतां त्यांच्या आख्यायिका पाहूं. पहिली भाषेची. झेवियर ज्या देशांत जात त्या देशाची भाषा त्यांना न शिकतां येई, अशी श्रद्धा आहे. परंतु १५४४ च्या आरंभीं लिहिलेल्या त्यांच्या पत्रांत निराळेंच वर्णन आहे. दोन्ही भाषा जाणणारीं माणसें त्यांनीं जमविलीं, प्रार्थना मोठ्या कष्टानें तमिळमध्यें उतरवून घेतल्या, त्या पाठ केल्या आणि मग गांवोगांव म्हणून दाखविल्या. जपानांत तर दुभाष्याच्या भरंवशावर त्यांनीं कांहीं काळ परमेश्वराला 'दाइनिची' हें बौद्ध दैवताचें नांव लाविलें. चूक उमजल्यावर त्यांना तें टाकावें लागलें. पाठांतर करणारा हा साधु आख्यायिकेंतल्या साधूपेक्षां कमी मोठा ठरत नाहीं. उलट अधिक जवळचा वाटतो.

दुसरी आख्यायिका खेकड्याची. मोलुक्का बेटांकडे जातांना वादळ उठलें. झेवियर यांनीं गळ्यांतील क्रूस समुद्रांत बुडविला आणि तो हातून निसटून तळाला गेला. दुसऱ्या दिवशीं ते किनाऱ्यावरून चालत असतां एक खेकडा पाण्यांतून वर आला. त्याच्या नांग्यांत तो क्रूस होता! पूर्वेकडील समुद्रांत पाठीवर क्रूसासारखी खूण असलेली खेकड्याची एक जात आहे, आणि ती खूण म्हणजे त्या सेवेचें बक्षीस, असें भाविक सांगतात. झेवियर यांच्या पत्रांत हा प्रसंग नाहीं. तो पुढें आला तो संतपदाच्या चौकशींत एका पोर्तुगीज साक्षीदाराच्या तोंडून.

येथें एक फरक ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. महाराष्ट्रांत ज्ञानेश्वर किंवा तुकाराम यांना कोणीं संत म्हणून नेमलें नाहीं. वारकऱ्यांच्या मुखानें ते संत झाले. रोमच्या धर्मपीठाची रीत वेगळी. तेथें संतपदासाठीं रीतसर चौकशी होते, साक्षीपुरावे घेतले जातात आणि चमत्कारांची छाननी होते. झेवियर यांना १६१९ सालीं धन्य व १२ मार्च १६२२ रोजीं संत म्हणून जाहीर करण्यांत आलें. म्हणजे त्यांच्या मृत्यूला सत्तर वर्षें होतांना. ज्या चौकशींत चमत्कार हाच पुरावा, तींत साक्षीदारांना चमत्कारच अधिक आठवावे यांत नवल नाहीं. आणि ते सर्व खोटें बोलत होते असें समजण्याचेंहि कारण नाहीं. पन्नास वर्षांच्या आठवणींत भक्ति आपले रंग भरते.

तरीहि आख्यायिकेला नुसती आठवण पुरत नाहीं; तिला डोळ्यांना दिसणारी एखादी वस्तु लागते. कुंडलच्या डोंगरांतील जैन क्षेत्र जाणणाऱ्यांना हें निराळें सांगावयास नको. तेथील गुहेंत खडकांतून पाणी झिरपतें आणि त्या झऱ्यावरूनच तेथील पार्श्वनाथ 'झरी पार्श्वनाथ' म्हणून ओळखला जातो. कथा पुष्कळ सांगितल्या जातात. पण त्या सर्वांना धरून ठेवतें तें त्या झऱ्याचें पाणी. झेवियर यांच्या कथांना असाच आधार मिळाला तो त्यांच्या देहाचा. शांगच्वान बेटावर त्यांना पुरलें तेव्हां देह लवकर झिजावा व अस्थि नेतां याव्या म्हणून शवपेटींत चुना घातला होता. १५५३ च्या फेब्रुवारींत पेटी उघडली तों देह ताजा होता, असें पाहणारांनीं सांगितलें. तो मलाक्क्यास नेला आणि मार्च १५५४ मध्यें गोव्यास आणला. त्या दिवसापासून गोव्याचा इतिहास आणि हा देह यांची गांठ पडली ती सुटली नाहीं.

जुन्या गोव्यांतील बॉम जेझूसच्या देवालयांत हा देह ज्या रुप्याच्या पेटींत आहे ती १६३६-३७ सालीं गोव्यांतील सोनारांनीं घडविली. तिच्यावर संताच्या चरित्रांतील बत्तीस प्रसंग रुप्याच्या पत्र्यावर उठविले आहेत. तिच्याखालचा संगमरवरी चौथरा टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो यानें फ्लॉरेन्सहून पाठविला व १६९८ सालीं तो बसविण्यांत आला. पेटीवरच्या त्या बत्तीस चौकटी म्हणजे एका दृष्टीनें या संताचीं पहिलीं तिकिटेंच होत. चौकट लहान, प्रसंग एक, आणि पाहणाऱ्याला वाचतां येत नसलें तरी अर्थ कळावा अशी योजना. फरक एवढाच कीं, पेटीवरच्या चौकटी एतद्देशीय कारागिरांच्या हातांनीं उठल्या आणि तिकिटावरची चौकट दरबारच्या हुकमानें.

दरबारानें या देहाचा आधार किती निकराच्या वेळीं घेतला हें पाहावयाचें तर १६८३ सालाकडे वळलें पाहिजे; आणि हा प्रसंग मराठी इतिहासाचाच एक भाग आहे. विजरई कोंद द आल्व्होर यानें त्या वर्षीं फोंड्याच्या किल्ल्यास वेढा घातला. संभाजी महाराजांनीं तो उठविला, आणि २४ नोव्हेंबरच्या रात्रीं मराठ्यांनीं गोवा शहराजवळचें जुवें बेट काबीज केलें. दुसऱ्या दिवशीं विजरई तें परत घेण्यास गेला तों त्याच्या सैन्याची दाणादाण झाली व तो स्वतः कसाबसा जीव घेऊन परतला. राजधानी आतां जाते असें दिसतांच विजरई बॉम जेझूसमध्यें गेला, पेटी उघडविली आणि आपला राजदंड व राजाचें नेमणूकपत्र संताच्या देहापाशीं ठेवून, हें राज्य आतां तूंच सांभाळ, अशी प्रार्थना केली. पुढें मराठ्यांनीं साष्टी व बारदेश प्रांतांत धामधूम केली. परंतु १६८४ च्या आरंभीं ते मागें फिरले आणि राजधानी वांचली. पोर्तुगीजांनीं याचें श्रेय संताला दिलें, आणि नव्या विजरईनें संताच्या समाधीपाशीं राजदंड स्वीकारावा अशी चाल पुढें पडली.

मराठे मागें कां फिरले याचें कारण मात्र इतिहासाला ठाऊक आहे. औरंगजेबाचा पुत्र शहा आलम हा मोठी फौज घेऊन रामघाटानें कोंकणांत उतरला होता, आणि दोन शत्रूंच्या मध्यें सांपडणें महाराजांना परवडणारें नव्हतें. म्हणजे गोव्याचें पोर्तुगीज राज्य त्या दिवशीं वांचलें तें मोंगलांच्या स्वारीमुळें. पण ज्या माणसांनीं त्या रात्रीं शहरांत घंटा ऐकल्या, बायकामुलांना देवळांत नेलें आणि सकाळीं शत्रु माघारा गेल्याचें पाहिलें, त्यांना रामघाट दिसत नव्हता; त्यांना समाधि दिसत होती. आख्यायिका खोटी असली तरी ती ज्या भीतींतून जन्मली ती भीति खरी होती. मराठी वाचकानें ही कथा वाचतांना हें विसरूं नये. कारण या कथेंत दाराबाहेरचा शत्रु म्हणजे आपलेच पूर्वज आहेत.

१९५२ हें झेवियर यांच्या मृत्यूचें चारशेंवें वर्ष. त्या निमित्तानें पोर्तुगीज हिंदनें नवीं तिकिटें काढलीं. एकावर संताची मूर्ति, दुसऱ्यावर समाधि आणि तिसऱ्यावर 'चमत्कारी बाहु'. हीच योजना पोर्तुगीजांच्या मकाव वसाहतीच्या तिकिटांवरहि होती. हा बाहु म्हणजे झेवियर यांचा उजवा हात. जेझुइट संघाच्या प्रमुखाच्या आज्ञेवरून १६१४ सालीं तो देहापासून अलग करून रोमला पाठविण्यांत आला व तेथील जेझूच्या देवालयांत तो ठेविलेला आहे. तो तोडतांना रक्त वाहिलें, अशी कथा सांगतात. या हातानें सहस्रावधि लोकांना बाप्तिस्मा दिला म्हणून त्याची थोरवी. येथें मात्र आख्यायिकेच्या मुळाशीं पत्राचा पुरावा आहे. १५४४ च्या त्याच पत्रांत झेवियर लिहितात कीं, बाप्तिस्मा देऊन देऊन आपला हात थकून जातो व प्रार्थना म्हणून म्हणून आवाज बसतो. पत्रांत हात थकलेला आहे. तिकिटावर तो चमत्कारी झाला.

हा फेरफार कोणत्या वेळीं झाला हेंहि पाहण्यासारखें आहे. स्वतंत्र भारतानें १९५० सालीं गोव्याविषयीं बोलणीं करण्याची मागणी केली होती. १९५१ सालीं पोर्तुगालनें राज्यघटना बदलली आणि आपल्या वसाहतींना 'सागरपारचे प्रांत' हें नवें नांव दिलें. गोवा ही वसाहत नसून पोर्तुगालचाच अवयव आहे असें जगाला पटवावयाचें होतें. अशा वेळीं गोव्यांत चारशें वर्षें असलेला संताचा देह हा पोर्तुगालला मोठाच पुरावा वाटला असल्यास नवल नाहीं.

त्याच्या आदल्या वर्षीं, १९५१ सालीं, आणखी एका पुरुषाचीं तिकिटें निघालीं होतीं. ते म्हणजे पाद्री जुझे व्हाझ. यांचा जन्म १६५१ सालीं बाणावलीस, त्यांच्या आजोळीं झाला, घराणें सांकवाळचें. म्हणून तिकिटांत त्यांच्या चित्राबरोबर सांकवाळच्या पडक्या देवालयाचें चित्रहि होतें. हे अस्सल गोमंतकीय. त्या काळीं गोव्यांतील युरोपीय धर्मसंघ एतद्देशीय पाद्र्यांना बरोबरीनें वागवीत नसत. तेव्हां व्हाझ यांनीं गोमंतकीय पाद्र्यांच्या लहानशा मंडळीला शिस्त लावून तिचा संघ बनविला. सिलोनांत डच लोकांनीं कॅथलिक पाद्र्यांना बंदी केली होती. १६८७ सालीं ते मजुराच्या वेषांत जाफन्यास उतरले आणि पुढें कँडीच्या राज्यांत गेले. तेथें पोर्तुगीजांचा हेर समजून त्यांना कैदेंत टाकण्यांत आलें.

यांची आख्यायिका पावसाची आहे. १६९६ च्या सुमारास कँडींत अवर्षण पडलें. इतर प्रार्थना निष्फळ झाल्यावर राजा विमलधर्मसूर्य यानें या परक्या पाद्र्याला विचारलें. त्यानें चव्हाट्यावर वेदी मांडली, क्रूस उभा केला आणि तो प्रार्थनेस बसला. मुसळधार पाऊस आला. पण वेदी व तिच्यापुढें बसलेला पाद्री मात्र कोरडे राहिले, असें सांगतात. या कथेच्या शेजारीं एक साधी हकीकत ठेवावी. दुसऱ्याच वर्षीं कँडींत देवीची साथ आली. माणसें आपल्या रोग्यांना रानांत टाकून पळालीं. व्हाझ यांनीं त्या टाकलेल्या रोग्यांना अन्नपाणी दिलें व मेलेल्यांना मूठमाती दिली. बौद्ध राजानें त्यांना अभय दिलें त्यांत या सेवेचा वांटा पावसाहून कमी नसावा. १६ जानेवारी १७११ रोजीं कँडींतच त्यांचा अंत झाला. पोर्तुगालच्या कुठल्याहि सैनिकावांचून, तलवारीवांचून त्यांनीं काम केलें. त्यांचें चित्र पोर्तुगीज साम्राज्याच्या तिकिटावर यावें यांत दैवाचा विनोद आहे. संतपद त्यांना पुष्कळ उशिरा, १४ जानेवारी २०१५ रोजीं, कोलंबोंत मिळालें.

१९ डिसेंबर १९६१ रोजीं गोवा मुक्त झाला आणि पोर्तुगीज हिंदचीं तिकिटें संपलीं. आतां प्रश्न भारतापुढें आला. ज्या संतांची नांवें परकी सत्ता आपल्या तिकिटांवर मिरवीत होती, त्यांना स्वतंत्र देशानें काय म्हणावें?

याचें पहिलें उत्तर गोव्याच्या संताविषयीं नव्हतें. २ डिसेंबर १९६४ रोजीं पोप सहावे पॉल मुंबईस आले. त्याच दिवशीं भारतीय टपालखात्यानें पंधरा पैशांचें एक तिकीट काढलें, तें सेंट थॉमस यांचें. त्यावर इटालींतील ऑर्तोना येथील देवालयांतल्या त्यांच्या मूर्तीचें चित्र होतें. केरळांतील ख्रिस्ती परंपरा अशी कीं, येशूचा हा शिष्य इसवी सन ५२ मध्यें मलबारच्या किनाऱ्यावर उतरला व पुढें मद्रासजवळ मैलापूर येथें त्याला हौतात्म्य आलें. ही निवड सूचक होती. वास्को द गामाच्या चौदा शतकें आधीं हा धर्म या भूमींत आला, तो कोणाच्या आरमाराबरोबर आला नाहीं, असें तें तिकीट सांगत होतें.

थॉमसची जी सर्वांत गोड आख्यायिका आहे तिच्यांत एक राजा आहे. तिसऱ्या शतकांतल्या एका सुरयानी ग्रंथांत ती आढळते. गोंडोफर नांवाच्या हिंदी राजानें थॉमसला राजवाडा बांधण्यासाठीं द्रव्य दिलें. थॉमसनें तें सारें गरिबांना वांटलें. राजानें वाडा दाखीव म्हटल्यावर तो उत्तरला कीं, वाडा स्वर्गांत बांधला आहे, मृत्यूनंतर दिसेल. राजा संतापला; पण त्याचा भाऊ मरून पुन्हां जिवंत झाला आणि त्यानें स्वर्गांतील वाडा पाहिल्याचें सांगितलें! असा राजा होऊन गेला याची खूण शतकानुशतकें कोणाजवळ नव्हती. एकोणिसाव्या शतकांत वायव्येकडे गोंडोफरचीं नाणीं सांपडूं लागलीं. तख्त-इ-बाहीचा शिलालेखहि मिळाला. राजा खरा होता, आणि काळहि जवळजवळ तोच. म्हणून स्वर्गांतला वाडा खरा ठरला असें नव्हे. पण आख्यायिका म्हणून कथा सबंध फेंकून देणाऱ्याच्या हातून इतिहासाचा एक तुकडा निसटला असता हें उघड झालें. एका लहानशा नाण्यानें दिलेली ती साक्ष होती.

झेवियर यांच्याविषयींचें उत्तर दहा वर्षांनीं आलें. १९७४ सालीं त्यांच्या देहदर्शनाचा सोहळा झाला, आणि २४ डिसेंबर रोजीं भारतानें पंचवीस पैशांचें तिकीट काढलें. त्यावर चमत्कारी बाहु नाहीं, जेत्यांची रांग नाहीं. आहे तें बॉम जेझूसमधील त्यांचें समाधिस्थान. ज्या जागेसमोर विजरईंनीं राजदंड ठेवले त्याच जागेसमोर गोव्याची ख्रिस्ती प्रजा आणि तिच्याबरोबर हिंदु शेजारीहि शतकानुशतकें फुलें व मेणबत्त्या घेऊन गेले. सर्वांच्या तोंडीं त्यांचें नांव एकच, 'गोंयचो सायब'. या नांवांत पोर्तुगालचा उल्लेख नाहीं. भारतीय तिकिटानें हीच गोष्ट मानली. राज्य गेलें, जागा राहिली, आणि जागेवरची भक्तीहि राहिली.

पुढें भारतीय टपालानें ज्या ख्रिस्ती सत्पुरुषांचीं तिकिटें काढलीं त्यांत हीच दृष्टि दिसते. मदर तेरेसा यांचें तिकीट १९८० सालीं निघालें, त्या हयात असतांना. त्यांना संतपद मिळालें २०१६ सालीं. केरळांतील कुरियाकोस एलियास चावरा यांचें तिकीट १९८७ चें, त्यांचें संतपद २०१४ चें. सिस्टर अल्फोन्सा यांचें तिकीट १९९६ चें, त्यांचें संतपद २००८ चें. म्हणजे धर्मपीठाची चमत्कारांची छाननी पुरी होण्याच्या आधींच टपालखात्यानें आपला निर्णय दिला. राज्याला चमत्कारांचा निवाडा करावयाचा नव्हता. रोग्यांची सेवा, शाळा आणि निमूट सोसलेलें दुःख एवढें त्याला पुरेसें वाटलें.

या सर्वांवरून संताचें तिकीट कसें वाचावें हें थोडेंसें ध्यानांत येतें. चित्रांत कोणती वस्तु आहे, ती कोणत्या वेळीं आणि कोणाच्या हुकमानें छापली, आणि चौकटीबाहेर काय ठेविलें, या तीन गोष्टी पाहाव्या. १९४६ च्या मालेंत गार्सिया द ऑर्ता आहे, त्याचीं जाळलेलीं हाडें नाहींत. १९५२ च्या मालेंत बाहु आहे, त्याचा थकवा नाहीं. १९७४ च्या तिकिटांत समाधि आहे, धर्मन्यायालयाविषयींचें पत्र नाहीं; तें असणें शक्यहि नव्हतें, कारण तिकीट हें सन्मानासाठीं असतें, झडतीसाठीं नव्हे. झडती घेणें हें इतिहासाचें काम, आणि तें त्यानें कोणाचीहि भीड न धरतां करावें. गोमंतकांतील ज्या घराण्यांचे पूर्वज त्या न्यायालयाच्या भयानें घाट चढून किंवा समुद्रमार्गें दूरदेशीं गेले, आपल्या देवांच्या मूर्ति रातोरात नदीपलीकडे हलविल्या, त्यांचें दुःख कोणत्याहि संताच्या तेजानें झांकतां येणार नाहीं. पण त्या दुःखाची आठवण ठेवणाऱ्यानें, समाधीपुढें मेणबत्ती लावणारी कोळीण खोटी आहे असेंहि म्हणूं नये. तिनें ते पत्र वाचलेलें नाहीं. समुद्रावर गेलेला नवरा सुखरूप परत यावा एवढेंच तिचें मागणें आहे, आणि गोव्याच्या किनाऱ्यावर तें मागणें झेवियर येण्याच्या कितीतरी आधींपासून कोणत्या ना कोणत्या देवापुढें केलें जात आलें आहे.